घरच्या कॅमेऱ्याचं मेमरी कार्ड: निवडण्यापासून जपण्यापर्यंत

गेल्या वर्षी मे महिन्यात चिपळूणजवळच्या आमच्या घराच्या विहिरीवरची मोटर एका रात्रीत चोरीला गेली. तिथे आई-बाबा दोघंच असतात, मी पुण्यात. मागच्या पडवीत कॅमेरा होता आणि तो थेट विहिरीकडेच वळवलेला होता. सकाळी बाबांचा फोन आला तेव्हा मनात आलं, निदान कोण होतं ते तरी कळेल. ॲप उघडलं. लाइव्ह चित्र अगदी स्वच्छ येत होतं. विहिरीचा कठडा, पाण्याचा पाइप आणि कापलेल्या केबलचं लोंबणारं टोक. मागचं रेकॉर्डिंग उघडलं तर शेवटची नोंद १९ दिवसांपूर्वीची. कार्ड तेव्हाच बंद पडलं होतं आणि आम्हाला कुणाला पत्ताच नव्हता.

ते कार्ड माझ्या जुन्या मोबाइलमधून काढलेलं होतं. पडून होतं म्हणून कॅमेऱ्यात घातलं. तिथेच चूक झाली. आता आमचं घर, नागपूरची मावशी आणि ठाण्याचं सासर मिळून पाच कॅमेऱ्यांची कार्डं मी बघतो. त्यात जे कळलं ते इथे क्रमाने लिहितोय.

हा लेख वाय-फायवर चालणाऱ्या, आत मायक्रोएसडी कार्ड बसणाऱ्या कॅमेऱ्यांसाठी आहे. तुमच्या घरातल्या कॅमेऱ्यांच्या वायरी एका डीव्हीआरच्या डब्यात जात असतील, तर तुमचं रेकॉर्डिंग हार्ड डिस्कवर होतं. त्यासाठी डब्ल्यूडी पर्पल किंवा सीगेट स्कायहॉक अशा खास सीसीटीव्हीच्या डिस्क मिळतात. तो विषय वेगळा.

हाताशी ठेवायच्या वस्तू

- कॅमेऱ्याचं खोकं किंवा माहितीपत्रक, नाहीतर बुडाच्या स्टिकरवरचा मॉडेल नंबर
- यूएसबी कार्ड रीडर
- कार्ड तपासायला कॉम्प्युटर, स्वतःचा किंवा शेजाऱ्याचा
- कार्डाचं पक्कं बिल आणि वेष्टन (फेकू नका, वॉरंटीला लागतं)
- तारीख लिहायला छोटं स्टिकर

## १. कॅमेऱ्याला किती जीबीपर्यंतचं कार्ड चालतं ते आधी बघा

प्रत्येक मॉडेलची मर्यादा वेगळी असते. काही जुन्या कॅमेऱ्यांना ३२ जीबीच्या पुढचं कार्ड ओळखता येत नाही, काहींना १२८ चालतं, तर नव्यांपैकी बऱ्याच मॉडेलना २५६ किंवा ५१२. एकाच कंपनीच्या दोन कॅमेऱ्यांतही फरक पडतो, म्हणून शेजारच्याने सांगितलेला आकडा धरून चालू नका. स्टिकरवरचा पूर्ण मॉडेल नंबर घ्या आणि कंपनीच्या संकेतस्थळावर त्याचीच माहिती वाचा. कधीकधी कंपनी नंतरच्या अपडेटमध्ये ही मर्यादा वाढवते. त्यामुळे खोक्यावर १२८ लिहिलं असलं तरी ॲपमधून कॅमेरा अपडेट करून पुन्हा एकदा बघा.

कार्डावर दोन प्रकारची अक्षरं दिसतील. ३२ जीबीपर्यंतच्या कार्डाला एसडीएचसी म्हणतात, त्यापुढच्या, म्हणजे ६४ जीबीपासूनच्या कार्डाला एसडीएक्ससी. फक्त एसडीएचसी चालतं असं लिहिलेल्या कॅमेऱ्यात ६४ जीबीचं कार्ड एखाद्या वेळी चालतंही, पण त्याच्या भरवशावर घर सोडू नये.

## २. किती दिवसांचं रेकॉर्डिंग हवं, याचा हिशेब मांडा

कार्ड भरलं की कॅमेरा सगळ्यात जुनं रेकॉर्डिंग पुसून त्याच जागी नवं लिहितो. म्हणून खरा प्रश्न असा: काहीतरी घडलंय हे तुमच्या लक्षात यायला जास्तीत जास्त किती दिवस लागतील? घरात माणसं असतील तर आठवडाभराचं पुरतं. गावचं बंद घर असेल आणि महिन्यातून दोनदा कुणीतरी चक्कर मारत असेल, तर किमान १५ दिवसांचं हवं.

आता हिशेब. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये बिटरेट दिसतो, म्हणजे सेकंदाला किती माहिती लिहिली जाते तो आकडा. तो मेगाबिटमध्ये असतो. त्या आकड्याला १०.८ ने गुणा. दिवसरात्र सलग रेकॉर्डिंगला रोज किती जीबी लागतात ते येतं. १ मेगाबिटला १०.८ जीबी, २ मेगाबिटला २१.६ जीबी, ४ मेगाबिटला ४३.२ जीबी.

आमचा पडवीतला कॅमेरा १०८०पी चित्राला साधारण दीड मेगाबिट घेतो, म्हणजे रोज १६ जीबीच्या आसपास. त्या हिशेबाने:

- ३२ जीबी: दोन दिवसांहून थोडं कमी
- ६४ जीबी: चार दिवस
- १२८ जीबी: आठ दिवस
- २५६ जीबी: पंधरा-सोळा दिवस

प्रत्यक्षात यापेक्षा थोडे कमीच दिवस मिळतात, कारण काही जागा कॅमेरा स्वतःच्या नोंदींसाठी ठेवतो. तुमच्या ॲपमध्ये बिटरेट दिसत नसेल तर सोपा उपाय आहे. कार्ड एकदा पूर्ण भरू द्या आणि सगळ्यात जुनं रेकॉर्डिंग कोणत्या तारखेचं आहे ते बघा. तेवढेच तुमचे दिवस.

सेटिंगमध्ये व्हिडिओ दाबून लहान करण्याच्या पद्धतीचे एच.२६४ आणि एच.२६५ असे दोन पर्याय असतील तर एच.२६५ निवडा. तेवढ्याच चित्राला बरीच कमी, कधी जवळपास अर्धी जागा लागते. दोन भिंगांचा कॅमेरा असेल तर जागेचा हिशेब दोन कॅमेऱ्यांचा धरा.

## ३. वेगाच्या आकड्यांसाठी जास्त पैसे देऊ नका

दुकानात गेलात की पहिलं वाक्य ऐकू येतं, ‘हे घ्या, हे फास्ट आहे.’ कार्डावरही क्लास १०, यू१, यू३, व्ही३०, ए१, ए२ अशी चिन्हांची रांग असते. क्लास १० आणि यू१ म्हणजे सेकंदाला किमान १० मेगाबाइट लिहिण्याची हमी, यू३ आणि व्ही३० म्हणजे ३० मेगाबाइट. ए१ आणि ए२ ही चिन्हं मोबाइलमध्ये ॲप चालवण्यासाठी आहेत, कॅमेऱ्याशी त्यांचा संबंध नाही.

आता कॅमेऱ्याची गरज बघा. आठ बिटांचा एक बाइट, म्हणून दीड मेगाबिट म्हणजे सेकंदाला ०.१९ मेगाबाइट. क्लास १० चं साधं कार्डसुद्धा याच्या पन्नासपट वेगाने लिहू शकतं. वेष्टनावर ठळक छापलेला १०० किंवा १५० मेगाबाइटचा आकडा तर बहुतेक वेळा वाचण्याचा वेग असतो, लिहिण्याचा नाही. क्लास १० किंवा यू१ आहे एवढं बघा आणि पुढे चला. वाचलेले पैसे पुढच्या मुद्द्यावर खर्च करा.

## ४. वेष्टनावर ‘एन्ड्युरन्स’ हा शब्द शोधा

या लेखातलं एकच काही लक्षात ठेवणार असाल तर हे ठेवा.

मेमरी कार्ड म्हणजे पाटी समजा. लिहायचं, पुसायचं, पुन्हा लिहायचं. पण ही पाटी दर पुसण्यागणिक थोडी झिजते, आणि ठरावीक वेळा पुसल्यावर तिच्यावर अक्षर उमटेनासं होतं. मोबाइलमधल्या कार्डावर आपण फोटो, गाणी भरतो आणि ती तिथे महिनोन्महिने पडून राहतात. कॅमेऱ्यातलं कार्ड मात्र दिवसरात्र, दिवाळीला आणि गणपतीलाही, लिहिलं आणि पुसलं जातं.

आकड्यात सांगतो. रोज २० जीबी लिहिले तर वर्षाला ७,३०० जीबी होतात. ३२ जीबीचं कार्ड एका वर्षात २२८ वेळा पूर्ण भरून पुसलं जाईल, १२८ जीबीचं फक्त ५७ वेळा. लिहिणं तेवढंच, पण मोठ्या पाटीवर झीज वाटली जाते. म्हणून आठवडाभराचं रेकॉर्डिंग पुरत असलं तरी कॅमेऱ्याला चालत असेल तर एक पायरी मोठं कार्ड घ्यावं, असं माझं मत आहे.

आणि साधं कार्ड न घेता सततच्या रेकॉर्डिंगसाठी बनवलेलं, म्हणजे वेष्टनावर ‘एन्ड्युरन्स’ (टिकाऊपणा) लिहिलेलं घ्यावं. सॅनडिस्कची हाय एन्ड्युरन्स आणि मॅक्स एन्ड्युरन्स, सॅमसंगचं प्रो एन्ड्युरन्स, तसंच किंग्स्टन आणि ट्रान्सेंडची हाय एन्ड्युरन्स ही त्या प्रकारातली कार्डं. त्यांच्यावर किती तास रेकॉर्डिंग चालेल ते कंपनी सांगते. सॅनडिस्क मॅक्स एन्ड्युरन्सच्या ३२ जीबीला १५,००० तास सांगितलेत आणि २५६ जीबीला १,२०,००० तास. आठपट मोठं कार्ड, आठपट तास. झिजेचा वरचा हिशेब इथे कंपनीच्याच आकड्यांत दिसतो. हे तास कंपनीने स्वतः धरलेल्या बिटरेटवर काढलेले असतात, म्हणून एका कंपनीच्या तासांची दुसरीशी थेट तुलना करू नका. एकाच मालिकेतली लहान-मोठी कार्डं ताडून बघायला मात्र ते उपयोगी पडतात.

वॉरंटीही नीट वाचा. अनेक साध्या कार्डांच्या बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं की सीसीटीव्ही किंवा गाडीच्या डॅशकॅमसारख्या सततच्या रेकॉर्डिंगला वॉरंटी लागू नाही. पुढच्या बाजूला ‘दहा वर्षे’ दिसलं की आपण निर्धास्त होतो, आणि कार्ड गेल्यावर मागची ओळ दाखवली जाते.

एन्ड्युरन्स कार्ड साध्यापेक्षा महाग पडतं, हे खरं. आमची मोटर किती हजारांची होती ते आठवलं की मला तो फरक जाणवत नाही.

## ५. खरेदी करताना नकली कार्डापासून सांभाळा

मावशीसाठी एका ऑनलाइन सेलमध्ये २५६ जीबीचं कार्ड फार स्वस्तात मिळालं. नावाजलेल्या कंपनीचा छाप, वेष्टनही हुबेहूब. घरी आल्यावर तपासलं तर खरी जागा निघाली २९ जीबी.

नकली कार्डाची गंमत वाटू नये इतका त्याचा फटका वाईट असतो, कारण ते चालत असल्यासारखं दिसतं. कार्डाच्या आत एक छोटी चिप असते, ती कॅमेऱ्याला किंवा कॉम्प्युटरला खोटं सांगते की इथे २५६ जीबी जागा आहे. पहिले एक-दोन दिवस रेकॉर्डिंग व्यवस्थित होतं. खरी जागा संपली की पुढचं लिहिलेलं नाहीसं होतं, पण यादीत फाइली दिसतच राहतात. उघडायला गेलं की उघडत नाहीत.

म्हणून:

- बाजारभावापेक्षा फारच कमी किंमत दिसली तर थांबा. काहीशे रुपयांत १ टीबी किंवा २ टीबीचं मायक्रोएसडी मिळत नाही.
- ऑनलाइन घेताना मोठ्या संकेतस्थळाच्या नावावर विसंबू नका. खाली विक्रेत्याचं नाव असतं, ते बघा. एकाच पानावर अनेक विक्रेते असतात. कंपनीने अधिकृत म्हटलेला विक्रेता निवडा.
- पुण्यात तपकीर गल्ली, मुंबईत लॅमिंग्टन रोड इथे सगळ्या प्रकारची कार्डं मिळतात. तिथे ‘बिलाशिवाय घेतलं तर स्वस्त’ असं कुणी म्हणालं तर नको म्हणा. जीएसटीचं बिल असेल तरच वॉरंटीला उभं राहता येतं.
- पार्सल फोडताना मोबाइलवर व्हिडिओ घ्या. परत करताना वाद झाला तर तोच कामी येतो. मावशीचं कार्ड त्यामुळेच परत गेलं.

## ६. कॅमेऱ्यात घालण्याआधी कार्ड तपासा

ही पायरी बहुतेक जण गाळतात. परत करण्याची मुदत संपायच्या आत, शक्यतो त्याच दिवशी करा.

विंडोजच्या कॉम्प्युटरसाठी एच२टेस्टडब्ल्यू नावाचं फुकट साधन आहे, मॅक आणि लिनक्ससाठी एफ३. दोन्हींची रीत एकच: कार्ड काठोकाठ भरायचं आणि मग लिहिलेलं सगळं वाचून ताडून बघायचं. रिकामं कार्ड रीडरमधून जोडा, एच२टेस्टडब्ल्यूमध्ये त्याचा ड्राइव्ह निवडा (दोनदा खात्री करा, की हा कार्डाचाच आहे), सगळी जागा वापरण्याचा पर्याय ठेवा आणि लिहून ताडण्याचं बटण दाबा. १२८ जीबीला दोन-तीन तास सहज लागतात. रात्री लावून झोपलात तरी चालेल. शेवटी ‘चूक आढळली नाही’ अशा अर्थाचा इंग्रजी संदेश आला तर कार्ड खरं. लाल अक्षरांत, इतकेच जीबी ठीक आणि बाकीचे गेले असं आलं, तर त्याच पडद्याचा फोटो काढा आणि कार्ड परत करा.

इथे एका गोष्टीने घाबरू नका. १२८ जीबीचं कार्ड कॉम्प्युटरवर ११९ जीबी दिसतं, ६४ चं ५९ आणि ३२ चं २९. कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १,०२४ च्या, एवढाच तो फरक. फसवणूक नाही.

## ७. बसवताना घाई करू नका

कॅमेऱ्याचं प्लग काढा, मगच कार्डाला हात लावा. फिरणाऱ्या गोल कॅमेऱ्यांमध्ये खाच बऱ्याचदा भिंगाच्या खाली लपलेली असते. बंद करण्याआधी ॲपमधून भिंग पूर्ण वर वळवा, की ती दिसते. शेजारी कार्डाचं छोटं चित्र कोरलेलं असतं, त्याप्रमाणे दिशा ठरवा. नखाने हळू आत लोटा. बहुतेक कॅमेऱ्यांत ‘टक्’ असा आवाज येतो आणि कार्ड जागेवर बसतं. जोर लावावा लागत असेल तर दिशा उलटी आहे. बाहेर काढा, पुन्हा बघा. उलटं कार्ड दामटलं तर ते अडकतं आणि पूर्ण कॅमेरा उघडावा लागतो.

बाहेर लावलेल्या कॅमेऱ्यात खाचेवर रबरी झाकण असतं. ते चारी बाजूंनी घट्ट बसलंय का, हे बोट फिरवून बघा. कोकणातल्या पावसात एक कोपरा उघडा राहिला तरी आत ओल धरते.

मग कॅमेरा चालू करा आणि ॲपमधल्या स्टोरेजच्या पानावरूनच कार्ड फॉरमॅट करा. कॉम्प्युटरवर केलेलं फॉरमॅट पुरत नाही, कारण प्रत्येक कॅमेरा आपल्या पद्धतीने जागा आखून घेतो.

त्यानंतर तीन सेटिंग बघा. जुनं पुसून नवं लिहिण्याचा पर्याय चालू हवा. घड्याळ भारतीय वेळेवर हवं आणि चित्रावर तारीख-वेळ उमटायला हवी. वेळ चुकीची असेल तर पुढे त्या चित्रावरून वाद होतात. तिसरं म्हणजे सलग रेकॉर्डिंग हवं की हालचाल झाल्यावरच. हालचालीवर ठेवलं तर कार्ड जास्त टिकतं, दिवसही जास्त मिळतात. पण अंधारात लांबून चालत गेलेला माणूस कॅमेऱ्याला कधीकधी कळतच नाही. मी विहिरीकडे आणि मागच्या दाराला सलग ठेवलंय, ठाण्याच्या फ्लॅटच्या दाराला हालचालीवर. समोर झाड हलत असेल तर हालचालीवर ठेवूनही फारसं काही वाचत नाही.

## ८. लाइट जाणं आणि ऊन

कार्डावर लिहिणं चालू असताना लाइट गेली की त्या क्षणाची फाइल अर्धवट राहते, आणि हे वारंवार झालं तर कार्डावरची सगळी मांडणीच बिघडू शकते. आमच्याकडे पावसाळ्यात दिवसातून चार-चार वेळा लाइट जाते. म्हणून राउटर आणि कॅमेरा, दोन्ही छोट्या यूपीएसवर घेतलेत. घेताना कॅमेऱ्याच्या अडॅप्टरवर ५, ९ की १२ व्होल्ट लिहिलंय ते बघूनच घ्या.

नागपूरला मावशीकडे कॅमेरा पत्र्याच्या शेडखाली होता. उन्हाळ्यात दुपारी त्याला हात लावणंही कठीण. तो आम्ही उत्तरेकडच्या भिंतीवर, छज्जाच्या सावलीत हलवला.

## ९. महिन्यातून एकदा कालचं रेकॉर्डिंग उघडून बघा

लाइव्ह चित्र दिसतंय याचा अर्थ रेकॉर्डिंग होतंय असा नाही. १९ दिवस आम्ही याच समजात होतो. कार्ड नसलं तरी लाइव्ह दिसतंच.

म्हणून काल रात्री दोन-तीनच्या सुमाराचं कुठलंही पाच मिनिटांचं रेकॉर्डिंग उघडा आणि ते खरंच चालतंय ना बघा. मग सगळ्यात जुनी तारीख बघा. आठ दिवस असायला हवेत आणि तीनच दिसत असतील तर काहीतरी बिघडलंय. मधेमधे तासांची भोकं, फॉरमॅट न होणं, कॅमेरा आपोआप बंद-चालू होणं ही कार्ड थकल्याची लक्षणं. आणखी एक लक्षण फसवं आहे: फॉरमॅट झालं असं ॲप सांगतं, पण थोड्या वेळाने जुनंच रेकॉर्डिंग परत दिसू लागतं. म्हणजे कार्डाने नवं लिहून घेणं बंद केलंय. असं कार्ड दुरुस्त करत बसू नका, बदला.

महिन्याचा दिवस ठरवला नाही तर राहून जातं. आमच्याकडे हे काम आईने घेतलंय. दर संकष्टीला चंद्रोदयाची वाट बघत ती ओटीवर बसते, चष्मा लावते आणि आदल्या रात्रीचं रेकॉर्डिंग लावते. पाइपावरून जाणारं मांजर दिसलं की मला फोन करून सांगते, ‘चालू आहे रे.’ कार्ड कधी बसवलं ती तारीख अडॅप्टरवर स्टिकर लावून लिहिली आहे.

## १०. काही घडलंच तर

पहिलं काम कॅमेऱ्याचं प्लग काढणं. कॅमेरा चालू राहिला तर नवं रेकॉर्डिंग जुन्यावर चढत जाईल. कार्ड काढा, दुसरं घाला, मग पुन्हा चालू करा. काही कॅमेऱ्यांचं कार्ड कॉम्प्युटरवर उघडत नाही, त्यांच्याच ॲपमधून चित्र बाहेर काढावं लागतं. तुमचा तसा असेल तर प्लग काढण्याआधी हवा तेवढा भाग ॲपमधून मोबाइलवर उतरवून घ्या. तुमचा कॅमेरा कोणत्या प्रकारचा आहे हे आजच बघून ठेवा, त्या दिवशी ते सुचत नाही.

व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून पाठवलेली प्रत लहान आणि पुसट होते. पाठवायचीच तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा आणि मूळ कार्डाला हात लावू नका. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहे. त्याच्या कलम ६३ प्रमाणे असं रेकॉर्डिंग न्यायालयात पुरावा म्हणून द्यायचं तर सोबत प्रमाणपत्र लागतं. आधीच्या पुरावा कायद्यात हेच कलम ६५-ब म्हणून ओळखलं जायचं. पोलिसांनी कार्ड मागितलं तर द्या, पण स्वतःकडे प्रत ठेवा आणि कार्ड दिल्याची लेखी पोच घ्या.

चोराने कॅमेराच नेला तर कार्डही जातं. हात पोहोचणार नाही इतक्या उंचीवर लावा, आणि दोन कॅमेरे असतील तर ते एकमेकांना दिसतील असे वळवा. बंद घर असेल तर कंपनीची महिन्याच्या पैशांची क्लाउड सेवा घेणं मला योग्य वाटतं, कारण हालचालीच्या वेळचे व्हिडिओ घराबाहेर साठवले जातात. मात्र इंटरनेट बंद असेल तेव्हा ती काही साठवू शकत नाही, म्हणून कार्डही हवंच.

दुसरं कार्ड आयत्या वेळी शोधावं लागू नये म्हणून १२८ जीबीचं एक, तपासून झालेलं, बाबांच्या कपाटात बिलांच्या पाकिटात ठेवलंय. पाकिटावर बाबांनी लाल पेनाने लिहिलंय: ‘कॅमेरा. मोबाइलला वापरू नये.’